सांगणारा ठिपका

मासेमारीवर जगणाऱ्या तिच्या गावात रांगफ्रिडला कुणी संशोधक म्हणत नसे, 'ठिपकेवाली' म्हणत. बर्गन शहरातल्या एका संस्थेत ती संगणकाच्या पडद्यावर गावातल्या होड्या ठिपके करून सोडायची. प्रत्येकाला दोन-चार नियम द्यायची आणि हात न लावता बघत बसायची, की सगळ्यांच्या वागण्यातून गावाचं काय होतं. एकेका ठिपक्याला अक्कल बेताचीच, पण एकत्र आले की ते भल्याभल्यांना चकवतात. याच वेडापायी तिचं लग्नाचं वय निघून गेलं.

नियम साधे होते. मासे दिसले तिथे जा, वादळात मागे फिर, भागेनासं झालं की होडी वीक. अनुभवाने ठिपके आपले नियम बदलूही शकत. एकच नियम तिने कायमचा पक्का केला होता, तो बापाकडून उचललेला: मासे सापडले की इतरांना सांग. बापाला, म्हणजे ओडलाइव्हला, कॉड मासा सापडला की तो आधी होडीतल्या रेडिओवर शेजारच्या आयलर्टला हाक मारायचा, "ये रे म्हाताऱ्या, नाहीतर बायको घरात घ्यायची नाही तुला!" सगळं गाव असंच सांगायचं. हे कधी बदलेल, असं तिच्या मनातही आलं नाही.

मग प्रत्येक होडीला मासे पकडायच्या हक्काचा स्वतंत्र, विकता येणारा वाटा द्यायचा घाट सरकारने घातला आणि गावाचं मत विचारलं. रांगफ्रिडने सभेत वाट्यांसकट ठिपके चालवून दाखवले. सगळ्या होड्या टिकत होत्या.

"पोर आपली आहे, आपल्याला कशाला फसवेल?" म्हणत आयलर्टनेच पहिला हात वर केला.

वाटे झाले. शेजारी तोट्यात गेला की त्याचा वाटा स्वस्तात मिळतो, हे कळायला कुणाला संगणक लागला नाही. रेडिओ मुका झाला. एकट्याने मासे शोधताना म्हातारा आयलर्ट थकला आणि होडी-वाटा विकून मुलीकडे निघून गेला. वाटा घेतला ओडलाइव्हने.

रांगफ्रिड घरी आली तेव्हा बाप उकडलेले बटाटे सोलत होता.

"बाबा, त्याला एकदाही हाक मारली नाहीत?"

"तू मारली असतीस?" तो खेकसला. मग सोललेला बटाटा त्याने तिच्या ताटात ठेवला. "तुझ्या त्या खेळात मी अजून सांगतो का गं?"

"सांगता."

"मग तिथे तरी राहू दे मला तसाच."

चूक दुरुस्त करणं तर भागच होतं. बर्गनला परतल्यावर तिने तो सांगायचा नियमही ठिपक्यांना बदलता येईल असा केला. फक्त बापाचा एक ठिपका तसाच ठेवला, आणि पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. दर वेळी सगळ्यात आधी होडी विकावी लागली ती त्याच ठिपक्याला.

तिला रडू आवरेना. बापाला तिने हे कधीच सांगितलं नाही.