मांता की कोल्चा

मंगळवारी आई गेली. पंधरा दिवसांनी मी सोलापुरातल्या आमच्या ग्रंथालयात कामावर आलो, तर काखेत चादर घेतलेले एक गृहस्थ माझ्याआधीच दारात उभे.

"सर, स्पॅनिशची डिक्शनरी हाय का? मालकांनी इंग्रजीत ‘ब्लँकेट’ लिहून दिलंय. काठात गिऱ्हाइकाच्या भाषेतला शब्द विणायचाय. आज मागाच्या नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पडली, की साऱ्या चादरींवर तोच शब्द. चुकला तर माझी नोकरी जाती."

मी कोश उघडला. "अंगावर घेतात ती मांता. पलंग सजवायला टाकतात ती कोल्चा."

"आमची दोन्हीला चालती की," म्हणत ते वाचनाच्या टेबलावर सरळ आडवे झाले आणि त्यांनी चादर नाकापर्यंत ओढली. पाय उघडे राहिले. पेपर वाचणाऱ्या आजोबांनी त्यांवर कालचा अंक पसरला.

"ठरलं का?" आजोबांनी विचारलं.

चादरीतून आवाज आला, "लई ऊब हाय. मांताच लिवा, सर. आता उठवू नका."

मी हसलो. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसू थांबेना. ते उठून बसले, तेव्हा त्यांना माझं भादरलेलं डोकं दिसलं.

"कोण गेलं?"

"आई. तिची चादरही गाठोड्यात बांधलीय. उद्या देऊन टाकणार."

आपल्या चादरीची घडी घालत ते म्हणाले, "कोल्चा असंल तर द्या कुणाला बी. मांता ठेवा, सर."

त्यांचं नाव मी विचारलं नाही. या गोष्टीला पन्नासएक वर्षं झाली. आईची चादर विरली आहे. थंडीत मी तीच पांघरतो.