भाऊने तपासलेलं वावर

भाऊ फौजेतून रिटायर होऊन आला, तेव्हा गावाने त्याला म्हसावदच्या स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून आणलं. डीजे होता, गुलाल होता. मी नंदुरबारहून सकाळच्या बसने आले होते. गळ्यातले हार काढता काढता तो वहिनीला म्हणाला, आता फक्त शेती करायची. वडील गेल्यापासून आमचं वावर पडीक होतं. ते नांगरून पपई लावायची, असं दोघांचं आधीच ठरलं होतं.

पण तो बांधाच्या आत गेलाच नाही. पूर्वी सुटीवर यायचा तेव्हाही वावरात जायचं टाळायचा. आम्हाला वाटायचं, थकून येतो, आराम करतो. आता वहिनीचा फोन आला, "ताई, तुमना भाऊ रोज बांधवरच उभा राहतस. वावरमा पाय ठेवतस नही."

मग त्याने एक लोखंडी सळई आणली, तिचं टोक घासून बारीक केलं आणि पोटावर झोपून जमीन टोचायला लागला. सळई तिरपी घालायची, काढायची, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा घालायची. जेवढं तपासून झालं तेवढ्याच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. वहिनीने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. त्याला जेवायला बोलवायला मी वावरात गेले आणि सरळ त्याच्याकडे चालू लागले, तसा तो ओरडला.

"थांब! तठे पाय नको ठेवू. ती जागा अजून तपासेल नही शे!"

मी होते तिथेच उभी राहिले. "भाऊ, हाई आपलंच वावर शे ना!"

"ते बी कोनं तरी वावरच व्हतं," तो म्हणाला.

त्या दिवशी बांधावर बसून त्याने मला सगळं सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. लढाई होणार म्हणून सैन्य सरहद्दीवर नेऊन उभं केलं होतं, आणि भाऊच्या तुकडीने तिथल्या शेतकऱ्यांच्या उभ्या गव्हात सुरुंग पेरले. लढाई झालीच नाही. मग तेच सुरुंग काढायचा हुकूम आला. तोवर पाऊस पडून गेला होता, माती सरकली होती. पेरलेले सगळे जागेवर सापडत नव्हते. पोटावर झोपून त्यांनी कित्येक महिने जमीन टोचली. एका शेताचा मालक रोज त्यांच्यासाठी ताक घेऊन यायचा. ते शेत झालं तेव्हा भाऊनेच त्याला सांगितलं, आता खुशाल नांगर. पुढच्याच आठवड्यात त्या माणसाची बायको चारा कापायला गेली आणि तिच्या पायाखाली स्फोट झाला. ती वाचली नाही. वरच्या कोणी भाऊला दोष दिला नाही. तो शेतकरीही काही बोलला नाही. त्याने फक्त ताक आणणं बंद केलं.

हे मी वहिनीला सांगितलं. तिला माहीत नव्हतं. ती पोळीवर तूप घालत होती, तिचा हात थांबला, मग पुन्हा घालू लागली.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक म्हणू लागले, फौजीला बापाने पुरलेलं धन सापडतंय, म्हणून तर रेघा मारून ठेवतो. एके दिवशी सकाळी भाऊ वावरात गेला तर जागोजागी खड्डे खणलेले. काठावर लिंबं, हळद-कुंकू. वहिनी भाकरी घेऊन पोचली तेव्हा तो बांधाला चिकटून पालथा पडला होता. स्फोट होताना झोपतात तसा, कानांवर हात, तोंड उघडं. उठल्यावर तो गावात गेला आणि घरोघर माणसं मोजत विचारत फिरला, "तुमना घरना बठा शेत ना? कोनी कमी नही ना?" बायांनी दारं लावून घेतली. पारावरची माणसं हसली. ज्यांनी खड्डे खणले होते, तेही त्यात हसत असतील.

आम्ही त्याला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी झोप लागायला लागली. परतीच्या गाडीत मी त्याला समजावलं, आपल्या वावरात काही नाही, कधीच नव्हतं. तो म्हणाला, "मले माहीत शे, तठे काही नही. पन पायले कोन सांगी?"

शेवटी वहिनीने वावर दुसऱ्याला कसायला दिलं. ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मला वाटत होतं, एकदा सगळं नांगरून झालेलं डोळ्यांनी पाहिलं की तो सुटेल. त्याने ड्रायव्हरचे पाय धरले. वहिनीने आणि मी त्याला ओढून बाजूला घेतलं. संध्याकाळपर्यंत वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरून झालं. काही झालं नाही.

"पाह्यं ना, भाऊ?" मी म्हटलं.

तो वाकून त्या काळ्या ढेकळांकडे बघू लागला. मग शांतपणे म्हणाला, "आते बठ्ठं खालेवर व्हई गयं. आते कोठे काय शे, कोनलेच समजाव नही."

त्यानंतर तो घराबाहेरच्या मातीवर उतरलेला नाही. पंधरा ऑगस्टला शाळेतून बोलावणं येतं, तो जात नाही. आमच्याच वावरात आता दुसऱ्याची पपई उभी आहे आणि वहिनी तिथे मजुरीने जाते. ती गेली की भाऊ उंबऱ्यात उभा राहतो. बस म्हटलं तर बसत नाही, चहा दिला तर हातातच गार होतो.

परवा मी गेले तेव्हाही तो तसाच उभा होता. दिवस कलता वहिनी आली, ओट्याशी तिने पायांवर पाणी घेतलं. भाऊने वाकून तिची दोन्ही पावलं पाहिली, मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

"गोळ्या चालू शेत ना?" मी विचारलं.

"शेत," वहिनी म्हणाली. "डॉक्टर सांगस, आते आठेच थांबी. यानापेक्षा बरं व्हवाव नही."

ती चुलीपुढे बसली आणि मी कांदा चिरायला घेतला.