छताला मोटेचं चाक

एका विलायती प्रवाशानं विकलेली, छत वर उचललं की राहायची खोली होणारी घडीची तंबूगाडी मी हौसेनं घेतली आणि तीर्थपुरीजवळ पहिल्याच मुक्कामी मी हँडल उलटं फिरवल्यानं छत उचलणारी कप्पी मोडली. तसली कप्पी आपल्याकडे मिळत नव्हती. "छत उभं राहिलं नाही, तर मी एसटीनं घरी," बायकोनं बजावलं.

शेजारच्या विहिरीवरचा म्हातारा विडी कानामागं खोचत आला आणि त्यानं हँडलची हकीकत ऐकून घेतली. मोटेचं जुनं चाक त्यानं गाडीवरच्या निंबाच्या फांदीला टांगलं, एरंडेल चोपडलं, मोटेचा जाड दोर, नाडा, चाकावरून घेऊन छताला बांधला.

"बराबर. मंग आता बैल पाह्यजे."

नाड्याचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन त्यानं पाठीवर थाप मारली. मी ओढत निघालो. छत डुलत वर आलं. बायको खदखदून हसली.

"जनावर गुणी हाय, बाई," तो म्हणाला. "फकस्त हँडलला हात लावू देऊ नका."

एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. त्या आनंदात त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.