हरीशेठ आणि रेन ट्री

चेनसॉ सुरू करण्यापूर्वी हरीशेठ अंगावरचं सगळं सोनं उतरवायचे. साखळी, कडं, बोटांतल्या अंगठ्या. आणि ते जवळ उभ्या असलेल्या कुणाच्याही हवाली करायचे. पहिल्या भेटीत ती 'कुणीही' मी होते. सोसायटीच्या आवारात कढीपत्ता तोडायला गेले आणि एका अनोळखी माणसाची बोटभर जाडीची साखळी गळ्यात घालून उभी राहिले. "हातात धरू नको बाय, इसरशील. गल्यातच घाल," ते म्हणाले. "मशीनजवल लोंबतं काय चालत नाय. वढून घेतं." खिडकीतून नवरा बघत होता. त्याला काही उलगडेना, आणि मला तरी कुठे उलगडत होतं?

पनवेलच्या खाडीकडे आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी हरीशेठच्या घराण्याची. ती गेल्यावर त्यांनी आपटा गावात आंब्याची बाग घेतली, बागेसाठी चेनसॉ घेतला, आणि मग ओळखीपाळखीत कुणाचंही झाड छाटायचं असलं की हौसेने येऊ लागले.

माणूस मात्र कळायला महाकठीण. बुलेटवरून हेल्मेट न घालता कर्नाळ्यापर्यंत सुसाट जाणार, आणि मनगटाएवढी फांदी कापायची तर हेल्मेट, गॉगल, कानांवर झाकणं, जाड बूट, असा सगळा सरंजाम! मी एकदा विचारलंच. "बुलेट माजी हाय, माजं आयकते," म्हणाले. "झाड कुनाचं आयकते?" यावर हसावं की मान डोलवावी? शिडीवर चढून मशीन चालवायचं नाही, खांद्याच्या वर उचलायचं नाही. पात्याचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही. "टोक लागलं का मशीन उलटं तोंडावर येतं." झाडाभोवती पांढऱ्या फक्कीची रेघ मारायचे, आणि रेघेच्या आत कुणाचं पाऊल पडलं की मशीन बंद. आम्हाला हा सगळा तमाशाच वाटायचा.

मागे एका वादळात आमच्या इमारतीमागचा रेन ट्री मुळासकट कलला. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. त्याची एक फांदी आमच्या भिंतीला दाबून वाकली होती, आणि भिंतीच्या आत सासूबाईंची खोली. त्या अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून समोरच्या फ्लॅटमध्ये नेलं, तर "मला घरी न्या" म्हणून लहान मुलासारख्या रडू लागल्या. झाड लवकर निघावं, एवढंच मला हवं होतं.

हरीशेठ आले. बुंध्यावर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग मशीन न लावताच खाली बसले. "आज नाय कापत."

"अहो, पाच मिनिटांचं काम!" आमचे सेक्रेटरी म्हणाले.

"बापाची जागा हाय ही," हरीशेठ पुटपुटले. "उद्या क्रेन मागवा. आज मी हात लावनार नाय."

सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "वडिलांचं झाड असणार हो. जीव होत नाहीये त्यांचा." मला ते एकदम पटलं. तरीही रागच आला. मागे सासूबाईंचं रडणं ऐकू येत होतं. रागवावं की गहिवरावं, हेच समजेना.

दुसऱ्या दिवशी क्रेनने बुंधा पट्ट्यांनी धरला, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं. सेक्रेटरी मोबाइल घेऊन रेघेच्या आत शिरले. हरीशेठनी मशीन बंद करून त्यांचा असा उद्धार केला की गॅलऱ्यांतल्या बायका आत पळाल्या. "वाकलेली फांदी म्हंजी मारका बैल! सुटला का कुनाला बगत नाय!" मग बाजूला उभं राहून त्यांनी फांदीला आतल्या अंगाने हळूच खाच दिली, आणि नंतर बाहेरून. फांदी सुटली ती सण्णकन. सेक्रेटरी जिथे उभे होते, तिथल्या कुंपणाच्या भिंतीचा कोपराच उडाला.

हरीशेठनी मशीन जमिनीवर ठेवलं. "बाकीचं तू काप," असं सोबत आलेल्या धाकट्या भावाला म्हणाले आणि पाठ करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. सेक्रेटरींनी पाठीवर हात ठेवला. "वडिलांची आठवण झाली ना?" हरीशेठ त्यांच्याकडे बघतच राहिले. संध्याकाळी सासूबाई आपल्या खोलीत निवांत झोपल्या.

बापाच्या झाडावर करवत चालवताना रडलेल्या माणसाची ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल! मी शिकवते त्या शाळेत मुलांनाही सांगितली.

यंदा हरीशेठ गेले, झोपेतच. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीपाशीही मी तोच विषय काढला.

"कसलं झाड?" त्या गोंधळल्या. "तितं आमच्या सासऱ्यांचं मिठागर व्हतं बाय. मिठात झाड उगवतंय व्हय? ती झाडं तुमच्या बिल्डरनी लावली, भराव टाकून."

"मग ते रडले कशासाठी?"

"भ्याले व्हते. घरी आले तरी जेवले नाय. मशीन घेतलं का दर टायमाला भ्यायचे. आमी हसायचो. मी म्हनायची, एवडं भ्याव वाटतं तं जाता कशाला? तं म्हनायचे, भ्याव वाटतं त्यानीच जावं. ज्याला नाय वाटत, त्याच्या हातनं मानूस मरंल."