नानांनी बटण सोडलंच नाही

मंडळी, माझा घसा बसलाय. कारण ऐका.

पिंपळनेरच्या वर डोंगरात आमचं गाव. मोबाइलला रेंज नाही, म्हणून अडीअडचणीला शेताशेतावर वॉकीटॉकी ठेवलेत. नियम एकच. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. एकाने दाबून धरलं की बाकी सगळे मुके.

आज दुपारी शेजारच्या शेतातल्या नानांचा आवाज आला. "राम राम भाऊ! जेवण व्हयनं का? घरना बठ्ठा बरा शेतस ना?"

मी म्हटलं, "झालं नाना, घरचे सगळे बरे आहेत, बोला." पण नानांना ऐकू कसं जाणार? बोट बटणावरच!

त्यांनी तीनदा जेवणाचं विचारलं. मी इकडे बेंबीच्या देठापासून ओरडतोय. शेवटी नाना रुसले. "मन्हावर राग शे का? बरं, ऱ्हाऊ दे. गोठामा नाग निंघना. वासरू आत शे."

अहो, हे आधी सांगायचं ना! काठी घेऊन मोटरसायकल अशी हाणली की एक चप्पल वाटेतच राहिली. जाऊन बघतो तर वासरू निवांत रवंथ करतंय आणि नाना ओट्यावर, बोट अजून बटणावर.

"नाना, नाग कुठंय?"

"तो ते कव्हयनाच गया. तू पहिले पानी पी."

नाग केव्हाच निघून गेलेला! भडकलो खरा. पण परत येताना चप्पल शोधता शोधता वाटलं, आपणही "कसे आहात" विचारतो आणि उत्तर यायच्या आत आपलंच सुरू करतो.

तर मंडळी, जेवण झालं का? मी बोट उचललंय. बोला.