फुकटची मंजुरी

"अभिनंदन मॅडम," सहसचिव साहेब म्हणाले. "तुमची संध्याकाळची अंगणवाडी मंजूर करतो. वेगळे पैसे मात्र मिळणार नाहीत."

आम्ही सरकारी विश्रामगृहात बसलो होतो. साहेब आढावा बैठकीसाठी मुंबईहून आले होते आणि जेवणाआधीचा थोडा वेळ त्यांनी आम्हाला दिला होता. आमच्या संस्थेचे संचालक जोशी सर माझ्या शेजारी होते. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि हात मिळवायला ते अर्धवट उठलेसुद्धा. मी दुसऱ्या वाक्यापाशीच अडकले होते.

"सर, मग सेविकेचं काय?" मी विचारलं.

"सेविका तिथं आहेच की. आत्ता कागदोपत्री दुपारी घरी जाते, उद्यापासून संध्याकाळी जाईल. खोली तीच, भांडी तीच, मुलं तीच. फक्त वेळ वाढवायची. पालकांना हे मान्य आहे, एवढं मला लेखी आणून द्या. मार्च संपायच्या आत."

सर त्यांचे आभार मानत राहिले. मी नमस्कार केला.

माझ्या कामाबद्दल आधी थोडं सांगते. माझ्या कार्डावर 'ॲडव्होकसी ऑफिसर' असं लिहिलेलं असायचं. ते वाचून नातेवाईक मला वकील समजायचे. माझे एक मामेसासरे तर जमिनीच्या वादाचे कागद पिशवीत घालून आले होते. मी त्यांना सांगितलं, मी कोर्टात जात नाही, मी सरकारच्या मागे लागते. गरीब कुटुंबांसाठी एखादी योजना हवी असेल, असलेल्या योजनेचा नियम अडत असेल किंवा तिला पैसे कमी पडत असतील, तर आमदारांना, अधिकाऱ्यांना भेटायचं, माहिती द्यायची, पुन्हा भेटायचं. मराठीत याला पाठपुरावा म्हणतात. शब्द चांगला आहे. पाठ आणि पाय दोन्ही दुखतात.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. काम मात्र बरंचसं मुकुंदवाडीत चालायचं. तिथल्या वस्तीतल्या पुष्कळ बायका जवळच्या एमआयडीसीत कामाला जायच्या. पॅकिंग, सफाई, सुटे भाग निवडणं, अशी कामं. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि कंपनी संध्याकाळी. मधल्या वेळात तीन-चार वर्षांच्या लेकरांचं काय करायचं, याचं उत्तर ज्या बाईला सापडायचं नाही तिचं काम सुटायचं.

मंदा ही त्यातलीच एक. पैठण तालुक्यातल्या धनगर कुटुंबातली. नवरा आणि सासू मेंढरांमागं असायचे. ही पोरीला घेऊन मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि एका कंपनीत पॅकिंगला जायची. पोरगी राणी, तीन वर्षांची. एकदा शेजारीण गावाला गेली म्हणून मंदानं राणीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती. संध्याकाळी आली तर पोरगी रडून रडून दाराशीच झोपलेली. मंदानं हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "परत तसं करनार नाय," एवढंच म्हणाली आणि कंपनी सोडली.

त्यानंतर आम्ही एक प्रयोग सुरू केला. अंगणवाडीची तीच खोली संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायची. सेविका शोभाताई तयार झाल्या. त्यांना जादा कामाचं मानधन आमच्या एका देणगीदाराकडून मिळायचं. मानधन म्हणजे पगार नव्हे. सरकारच्या लेखी सेविका ही नोकर नाही, समाजसेवा करणारी बाई आहे, म्हणून तिला मान देतात आणि त्या मानाबरोबर थोडं धन. मंदा पुन्हा कामाला लागली. आणखी बऱ्याच जणी लागल्या.

देणगी कायमची नव्हती, मार्चअखेर संपणार होती. म्हणून एमआयडीसीच्या आसपासच्या अंगणवाड्यांसाठी सरकारनंच ही सोय करावी, असा आमचा पाठपुरावा चालू होता. एका आमदारांनी विधानसभेत प्रश्नही विचारला. मंत्र्यांनी 'तपासून पाहू' असं उत्तर दिलं. असं उत्तर आलं की आमच्या धंद्यात पेढे वाटत नाहीत, पण फाईल तयार होते. ती फाईल फिरत फिरत या साहेबांकडे आली होती.

रिक्षात बसल्यावर सर म्हणाले, "वंदना, तोंड का पाडलंस? दार उघडलं ना! आधी आत शिरू. मानधनाचं पुढच्या वर्षी मागू."

"पुढच्या वर्षी ते म्हणतील, फुकट चाललंय की."

"आणि आत्ता नाही म्हणालो तर एप्रिलपासून खोलीला कुलूप. त्या बायकांना तू सांगणार का?"

त्यांचं चूक नव्हतं. सरांनी अशा कितीतरी योजना अर्धवट मंजुरीतून पूर्ण करून घेतल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "आधी शोभाताईंना विचारते."

शोभाताई बिडकीनच्या शेतकरी घरातल्या. बोलायला कमी, आवाज खडा. मी गेले तेव्हा त्या मुलांना गोलात बसवून खिचडी वाढत होत्या. सगळं ऐकून घेतलं. वाढणं थांबवलं नाही.

"करीन मी," त्या म्हणाल्या. "लेकरं काय वाऱ्यावर सोडायची व्हय?"

"ताई, मनापासून सांगा."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "घरी सासू अंथरुणाला खिळलीय. दुपारनंतर तिला बघायला शेजारची बाई ठेवलीय. तिला मी ह्याच पैशातून देते. पैसे बंद झाले की तीबी बंद. मग एक दिवस मी इथं नसंन, एक दिवस मोठ्या पोरीला शाळंतून घरी बसवीन. पण मी नाय म्हनले असं तुमी बायांना सांगू नका."

त्यांनी नकार दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी अंगणवाडीत पालकांची बैठक ठेवली. बायका आल्या, लेकरं आली. आणि न बोलावता रझियाआपाही आल्या. आपा अंगणवाडी सेविकांच्या संघटनेच्या पुढारी. स्वतः जुन्या सेविका. संध्याकाळच्या अंगणवाडीला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता आणि आमच्या प्रयोगाकडे त्या संशयानं बघायच्या. साहेबांची ऑफर त्यांच्या कानावर गेली होती.

त्या दारातूनच सुरू झाल्या. "मैं बोली थी ना मॅडम? आप लोगां अच्छे हैं, मगर हमारे पेट पे पांव अच्छे लोगांच रखते. आज ये खोली, कल पूरे जिल्हे की सेविका शाम तक फुकट."

"आपा, अजून काहीच ठरलेलं नाही. बसा," मी म्हटलं. त्या बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी बायकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. शोभाताईंच्या घरचं तेवढं बोलले नाही. एक लता म्हणून होती, तिची जुळी मुलं इथं असायची. ती लगेच म्हणाली, "मिळतंय ते घ्या की ताई! आमचं काम गेलं तर घरात कोण आणून देनार हाय?" पुष्कळ माना हलल्या. कोपऱ्यात शोभाताई एका मुलाचं नाक पुसत होत्या. वर बघत नव्हत्या.

मग मंदा बोलली. एरवी बैठकीत ती गप्प असायची.

"आमच्या कंपनीत सुपरवायझर म्हनला, सुटी झाल्यावर जरा थांबा, मशीन पुसून जा. आमी थांबलो. म्हनलं, आपलंच काम हाय. आता ते रोजचं झालं. पैशाचं नाव काढलं की म्हनतो, इतके दिवस काहून बोलले नाय?" तिनं शोभाताईंकडे बोट केलं. "ह्या थांबतील. मला ठावं हाय. पन ह्यांचं ध्यान घराकडं लागलं, तर मपली पोरगी कुनाच्या ध्यानावर? कडी लावून ठेवायची आनि इथं ठेवायची, मंग फरक काय राह्यला?"

"तुला बोलायला काय जातंय?" लता म्हणाली. "तुझी सासू येऊन राहू शकते. माझ्याकडं कोनी नाय."

"व्हय. तुला लई अवघड जाईल," मंदा म्हणाली. "मला दिसतंय ते. तरीबी फुकट नको."

बराच वेळ गलका झाला. लता रागावली, पण उठून गेली नाही. शेवटी बहुतेकींचं म्हणणं एकच झालं. अंगणवाडी हवी, पण बाईला मोबदला देऊन. मला मनातून बरं वाटलं. पण सरकारनं देऊ केलेली मंजुरी परत करायला मी निघाले होते.

आपा तोवर खाली बसल्या होत्या. राणी त्यांच्या पर्सची चेन उघड-बंद करत होती. आपा मंदाला म्हणाल्या, "बेटा, मैं समझती थी तुम लोगां को सिर्फ अपने बच्चों की पडी है." मग माझ्याकडे वळून, "साहेबकने कब जाना? मैं भी आती."

साहेब अजून शहरातच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. मी, बायकांनीच ठरवलंय म्हणून तयार झालेले सर, शोभाताई, मंदा आणि आपा. मंदानं अर्धा दिवस बुडवला होता.

साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "सर, पालक नको म्हणतायत."

"नको?" त्यांनी चष्मा काढला. "ही मागणी तुमचीच होती ना?"

"मागनी हायेच साहेब," मंदा म्हणाली. "पन बाईला फुकट राबवून नको."

साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. ते आपांकडे बघत होते. "तुम्ही संघटनेच्या ना? तुमचा तर वेळ वाढवायलाच विरोध आहे. संपाचा इशारा दिला होता तुम्ही."

"फुकट वेळ को विरोध है साहेब," आपा म्हणाल्या. "मानधन दो, जिस सेविका को जमता उसी को दो, जबरदस्ती नको. मैं खुद सेविकांना समजावती."

"हे लिहून द्याल?"

"अभी देती."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला एवढा पाठपुरावा करूनही ठाऊक नव्हतं. फाईल केवळ पैशासाठी अडली नव्हती. सेविका संपावर गेल्या तर सकाळची अंगणवाडीही बंद पडेल, ही वरच्यांना खरी भीती होती. म्हणून गाजावाजा न करता नुसता वेळ वाढवून बघायचा, असं ठरलं होतं.

"संघटना सोबत असेल तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "नवीन लेखाशीर्ष मात्र मला उघडता येणार नाही."

लेखाशीर्ष म्हणजे सरकारी कपाटातला खण. ज्या खणावर जे नाव, त्याच कामाला त्यातले पैसे. नवा खण करायचा तर अर्थसंकल्पाची वाट बघावी लागते. साहेब जरा वेळ पेन्सिलनं टेबलावर टकटक करत राहिले. मग शोभाताईंना विचारलं, "शेजारच्या अंगणवाडीची सेविका रजेवर गेली तर तिची मुलं कोण बघतं?"

"मीच बघते, साहेब."

"आणि त्याचं वेगळं मानधन मिळतं?"

"मिळतं. अतिरिक्त कार्यभाराचं. उशिरा मिळतं, पन मिळतं."

"मग संध्याकाळची ही वेगळी अंगणवाडी समजू," साहेब म्हणाले. "खोली तीच, पण कागदावर दुसरी. तुमच्याकडे तिचा अतिरिक्त कार्यभार. खण आहे तोच वापरू." मग सरांकडे बघून, "एमआयडीसीजवळच्या थोड्याच अंगणवाड्यांत आधी करू. राज्यभर मागू नका लगेच."

"आज नाही मागत," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मंदानं विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, "सही होईपर्यंत झालं म्हणायचं नसतं." आपांनी तरी सगळ्यांना समोरच्या टपरीवर चहा पाजला. शोभाताई पहिल्यांदाच हसताना दिसल्या. म्हणाल्या, "मॅडम, मंदीनं माझी लई वट ठिवली."

सही व्हायला जूनपर्यंत वेळ लागला. मधले दोन महिने खोलीला दुपारनंतर कुलूप होतं आणि ते जड गेलं. मंदाची सासू मेंढरं सोडून येऊन राहिली, खोलीत बसून पाय आखडले म्हणून रोज कुरकुरली. बायकांनी आळीपाळीनं एकमेकींची लेकरं सांभाळली. लताचं काम मात्र गेलं. पुढं तिला दुसरीकडं लागलं, पण आधीपेक्षा लांब. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

जूनमध्ये संध्याकाळची अंगणवाडी सुरू झाली. आदेशात वेळ आम्ही मागितली होती त्याहून अर्धा तास कमी होती. तो अर्धा तास पुढच्या वर्षी मिळाला. त्यानंतर हळूहळू अंगणवाड्यांची संख्याही वाढत गेली, आणि दर वेळी नव्या सेविकांना समजवायला रझियाआपा माझ्या आधी पोचलेल्या असायच्या. लताची जुळी पहिल्याच आठवड्यात आली. त्यांना सोडायला तीच आली होती. मला बघून मान हलवली. मला तेवढं पुरलं.

नोकरीत पुढं मी नव्यांना शिकवायला लागले, तेव्हा हे त्यांना आवर्जून सांगायची. सरकार एखादी गोष्ट फुकट द्यायला तयार झालं, तर ती फुकट कोण करणार आहे, एवढं त्याच बैठकीत विचारून घ्यायचं. त्यानं फाईल थोडी लांबते. पण नंतर मागे लागण्याचं काम बरंच कमी होतं.