मुकुंदाचे किल्लेवेड

काही माणसे इतिहासासाठीच जन्माला आलेली असतात. मुकुंद त्यांपैकी एक होता अशी माझी अकरा वर्षे समजूत होती, आणि त्याच्या अंत्यविधीला मी ती साठ-सत्तर माणसांसमोर जाहीरही केली.

बातमी मार्चमधल्या एका रविवारी आली. मी हार्लेम या डच गावातल्या सुपरमार्केटमध्ये दह्याच्या डब्यावरची तारीख वाचत उभा होतो. रायस्वाइकहून शैलाताईंचा, म्हणजे मुकुंदाच्या मोठ्या बहिणीचा, फोन आला. आदल्या दिवशी एनस्खेडेच्या घरी चहा करताना तो कोसळला. शेजारणीने अँब्युलन्स बोलावली, पण ती येईपर्यंत सगळे संपले होते. ताई अगदी शांतपणे सांगत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "तू जेवून घे." सकाळचे दहा वाजले होते. मी दही घेऊन चालत घरी आलो. सायकल दुकानापाशीच राहिली, हे मला मंगळवारी कळले.

मुकुंद एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात काँक्रीटवर संशोधन करत होता. ठोकळे दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहून ठेवायचे, असे तो आपल्या कामाचे वर्णन करी. लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारणाऱ्यांना तो इतक्या तपशिलात काँक्रीटबद्दल सांगायचा की ते पुन्हा विचारत नसत. आमची ओळख रायस्वाइकच्या गणपतीत झाली. प्रमुख पाहुण्यांचे भाषण चालू असताना आम्ही दोघे एकाच वेळी चपला शोधायला बाहेर आलो, तेवढ्यावर मैत्री जमली.

पुढे माझे लग्न मोडले. बायको आठ वर्षांच्या ईराला घेऊन पुण्याला गेली आणि हार्लेमच्या घरात मी, एक मोठे जेवणाचे टेबल आणि सहा खुर्च्या उरलो. त्या वसंतात मुकुंद एकदा येऊन दोन दिवस राहिला. परत गेल्यावर आठवड्याभराने त्याचा फोन आला. "नील्या, स्कॉटलंडमध्ये तळ्याकाठी जुने किल्ले आहेत म्हणे. येतोस का?" मला किल्ल्यांत काडीचा रस नव्हता. पण मला वाटले, बिचारा एकटा जीव... याला कशाचे तरी वेड आहे आणि बरोबर जायला कोणी नाही. मी हो म्हणालो. मग दर वर्षी मे महिन्यात चार दिवस आम्ही आयमाउडेनहून गाडीसकट बोटीत चढायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तळ्यांच्या मुलखात पोचायचो, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा माहितीफलक जास्त.

त्याचे वेड खरे आहे याचा भक्कम पुरावा माझ्याजवळ होता. मी डच पासपोर्ट घेतला होता, त्याने भारतीय सोडला नव्हता. म्हणजे चार दिवसांच्या भटकंतीसाठी दर वर्षी नवा व्हिसा, अर्ज, बोटांचे ठसे आणि विद्यापीठाचे पत्र. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात तो दर वर्षी 'किल्ले पाहणे' असे लिहायचा. इतकी उठाठेव माणूस प्रेमाशिवाय करत नाही, असे मी मनाशी म्हणायचो. ते बरोबरच होते, म्हणा.

त्या किल्ल्यांबद्दल काय सांगावे? पाण्याच्या कडेला चार मजली दगडी मनोरा, त्याला छप्पर नाही, आत गवत. ज्यांना छप्पर आहे त्यांत सरदारांची तैलचित्रे, भिंतीवर गोलाकार मांडलेल्या तलवारी आणि एक पलंग. त्यावर कोणती तरी राणी एक रात्र झोपलेली असते. ती राणी आयुष्यात स्वतःच्या घरी किती रात्री झोपली असेल, कोण जाणे. चौकड्याचा घागरा घातलेला मार्गदर्शक प्रत्येक ठिकाणी सांगतो की जिना उजवीकडे वळत जातो, कारण वरून लढणाऱ्याला तलवार चालवायला जागा मिळावी. हे मी बावीस किल्ल्यांत ऐकले. मुकुंद बावीसही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवायचा. आणि फलक... प्रत्येक फलकासमोर तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. दोन घराण्यांत गुरांवरून झालेल्या भांडणाची हकिगत शेवटच्या ओळीपर्यंत. मी त्याच्या मागे उभा, त्याचे वाचून होण्याची वाट बघत. कधी वळून म्हणायचा, "झालं तुझं?" मी म्हणायचो, "तू वाच रे, सावकाश." मग तो पुन्हा फलकाकडे वळायचा.

गेल्या वर्षी आम्ही एका बेटावरच्या किल्ल्याकडे निघालो होतो. धक्क्यावर पोचलो तर वारा फार म्हणून बोटी बंद. मुकुंदाचा चेहरा बदलला, तो मी नीट पाहिला. मला वाईट वाटले. मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. तोही म्हणाला, नक्की. मग नेहमीसारखे आम्ही तळ्याकडे तोंड करून गाडीत बसलो. बाहेर पाऊस, काचांवर वाफ, मधे त्याने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. ईरा फोन करते का, हे तो दर वर्षी विचारायचा आणि 'करते' या उत्तरावर थांबायचा नाही. कोण आधी करतं, किती वेळ बोलता, काय बोलता, सगळे विचारायचा. त्या दिवशी ते झाल्यावर म्हणाला, "इथं म्हातारपणी आपल्यावर मराठीत कोण खेकसणार रे?"

"मी आहे की," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि शेवटची पुरी मोडून अर्धी मला दिली.

अंत्यविधी सहा दिवसांनी झाला. इथे मृत्यूलाही वेळ घेऊन यावे लागते. सभागृह तासाभरासाठी मिळाले होते, आणि काळ्या सुटातला एक गृहस्थ दाराशी घड्याळ बघत उभा होता. विद्यापीठातली माणसे पुढे बसली होती. मी बोलावे असे ताईंनीच सुचवले होते. भाषणांचा मला तिटकारा, पण मी चांगली चार मिनिटे बोललो. ठोकळे फोडणाऱ्या या माणसाला न फुटलेल्या भिंतींची ओढ होती, वगैरे. व्हिशाचे सांगितले, जिन्याचे सांगितले. डच सहकाऱ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. पहिल्या रांगेत ताईंनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. ते पाहून मी आवाज आणखी खाली आणला. नंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा मिळाला, आणि आम्ही आपापल्या गाडीने घरी गेलो.

तीन आठवड्यांनी ताईंनी रायस्वाइकला जेवायला बोलावले. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "तुला एक सांगते, रागावू नकोस. मुकुंदाला किल्ल्यांचा भयंकर कंटाळा होता."

मला वाटले, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण त्या सावकाश सांगत गेल्या. हार्लेमला राहून आल्यावर तो त्यांना म्हणाला होता की निलेश पार एकटा पडलाय, पण त्याला स्कॉटलंडच्या किल्ल्यांचं वेड आहे. टेबलावर हाताशी भलंमोठं पुस्तक ठेवलंय त्यानं. कोणी नेलं तर जाईल, एकटा काही उठायचा नाही. मग मुकुंद दर वर्षी व्हिशाच्या कागदांवरून ताईंना फोन करून करवादायचा... आणि पुन्हा अर्ज भरायचा. गेल्या वर्षी बोट बंद झाली तेव्हा घरी येऊन म्हणाला होता, ताई, एका किल्ल्यातून तरी सुटलो.

"तुझं भाषण ऐकताना मला हसू आवरेना," ताई म्हणाल्या. "भाऊ समोर पेटीत, आणि मी हसत्येय."

ते पुस्तक शेजाऱ्याने घर सोडताना माझ्या गळ्यात मारले होते. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला येत नव्हता, म्हणून मी ते त्याच्या खाली ठेवले होते. हे मी ताईंना सांगितले. मीही ईराला दर वर्षी सांगत आलो की मुकुंदकाका एकटे असतात, त्यांना नाद आहे, म्हणून जातो, हेही सांगितले. ताईंनी डाव हातातच धरून ठेवला.

"अकरा वर्षं? तुम्ही दोघं कधी बोललाच नाहीत का रे?"

"बोलायचो की. किल्ले सोडून सगळ्याबद्दल."

ताई पुन्हा हसल्या, आणि मग रडल्या. मी भात संपवला.

या मे महिन्याचे बोटीचे आरक्षण आम्ही आधीच करून ठेवले होते. जायचे की नाही, यावर मी फार विचार केला. ज्याच्यासाठी जायचो त्याला ते नको होते, आणि मला तर नकोच होते. न जाण्याची इतकी चांगली कारणे माझ्याजवळ कधीच नव्हती. ताई म्हणाल्या, नको जाऊस, उगीच जिवाला त्रास करून घेशील. पण घरी बसलो तर ती अकरा वर्षे एक गैरसमज म्हणून निकालात निघतील असे वाटले, आणि ते मला मान्य नव्हते. मी गेलो. तळ्यावर वारा अजिबात नव्हता. बोट वेळेवर सुटली आणि तिने मला गेल्या वर्षी राहिलेल्या बेटावर सोडले. मार्गदर्शकाने जिन्याचे सांगितले, मी मान डोलवली. कोणाच्या मागे थांबायचे नव्हते, त्यामुळे किल्ला बघून व्हायला मला चौदा मिनिटे लागली. परतीची बोट अडीच तासांनी होती.